कर्रकर्र थांबली, पण फिक्स्ड की फ्रीव्हील हा निकाल पुन्हा लांबला

मागच्या नोंदीच्या शेवटी मी जवळजवळ जाहीरच करून टाकले होते की सायकलवरचा फिक्स्डचा (चाक फिरते तोवर पेडलेही फिरतच राहतात अशा जुळणीचा) नाद सोडतो, फ्रीव्हील (पेडल थांबवले तरी चाक फिरू देणारे मागचे दातेरी चक्र) लावून मोकळा होतो आणि हा विषय मिटवतो. ते वाक्य आज मागे घेत आहे. तीन आठवडे ज्या कर्रकर्रीने मला छळले तिचा फिक्स्ड असण्याशी काही संबंध नव्हता. दोष पुढच्या चेनरिंगच्या, म्हणजे पेडलांजवळच्या दातेरी चक्राच्या, बैठकीत होता, आणि फ्रीव्हीलची बाजू लावल्यावर तो दूर झाला नव्हता, नुसता गप्प बसला होता.

जुळणी तीच आहे. जुनी पोलादी रोड फ्रेम, मागच्या ड्रॉपआउटमधले (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचांमधले) अंतर १२६ मिमी, त्यात १२० मिमीचे फ्लिप-फ्लॉप हब (चाक उलटे करून कोणतीही बाजू वापरता येते असे) दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमीचे वॉशर घालून बसवलेले. पुढे ४६ दाते, मागे एका बाजूला १७ चे कॉग (फिक्स्डचे दातेरी चक्र) आणि दुसऱ्या बाजूला १८ चे फ्रीव्हील. ४८-१६ ची हौस पहिल्या टायरबरोबरच फिटली. ४८ ला १६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे पाय अडवून चाक घसरवताना टायरचा तोच तळहाताएवढा भाग दर वेळी रस्त्याला लागतो, आणि महिनाभरात तिथले आतले धागे दिसू लागले होते. ४६-१७ मध्ये अशा १७ जागा मिळतात. चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनचे अंतर, ४२ मिमीवर जुळली असल्याने तिच्याविषयी आता लिहिण्यासारखे काही नाही.

तर मुख्य दुखणे. फिक्स्डवर क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीत एकदा चेन ताणली जाऊन कर्र असा आवाज होई, आणि अर्ध्या फेरीनंतर तीच चेन इतकी लोंबे की पायांनी वेग आवरायला गेलो तर आधी पाय मोकळाच फिरे आणि मग खटकन धक्का बसे. चाक मागे ओढून चेन ताणली की धक्का कमी होई, पण घट्ट जागी पेडल हाताने फिरवणेही जड जाई. चाक थोडे पुढे घेतले की कर्रकर्र थांबे, पण सैल जागी चेन उतरण्याची भीती उभी राही. फ्रीव्हीलवर चेन उतरली तर पेडले मोकळी फिरतात आणि माणूस रस्त्याच्या कडेला येऊन हात काळे करून घेतो. फिक्स्डवर ती चालत्या चाकात अडकली तर मागचे चाकच जाम होऊ शकते, म्हणून या बाबतीत चालढकल करायची माझी तयारी नव्हती.

पहिला संशय चेनवर होता. चेनमधली एखादी कडी आखडली असेल तर तिचा आवाज क्रँकच्या फेरीशी जुळणार नाही, कारण माझी चेन ९८ कड्यांची आहे आणि ४६ दात्यांच्या चेनरिंगवरून ती पूर्ण एकदा फिरायला क्रँकच्या दोनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या लागतात. दोष मागच्या कॉगमध्ये असता तर क्रँकच्या एका फेरीत तो पावणेतीन वेळा जाणवला असता. सायकल स्टँडवर उलटी केली, एका कडीला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, क्रँकवर खडूची रेघ ओढली आणि डोळे मिटून हाताने पेडल सावकाश फिरवले. जडपणा दर वेळी उजवी क्रँक साधारण चारच्या काट्यावर असतानाच येत होता. चिकटपट्टी मात्र प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणी असे. चेन निर्दोष ठरली आणि कॉगही. हे मी पहिल्याच दिवशी केले असते तर नवी चेन विकत घेण्याचा मूर्खपणा टळला असता.

मग सायकल दुरुस्तीवर लिहिणारे अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी सांगितलेला, आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असलेला उपाय केला: चेनरिंगचे बोल्ट किंचित सैल करायचे, घट्ट जागा आली की चेनवर मधोमध हलकेच टोला द्यायचा म्हणजे चेनरिंग तेवढी सरकते, फिरवत फिरवत पुन्हा तेच करायचे आणि शेवटी बोल्ट एक सोडून एक या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. घट्ट जागी चेन जेमतेम मोकळी राहील असे चाक लावून सैल जागी खालची चेन किती लोंबते ते मी मोजत होतो. टोले देण्यापूर्वी ते माप २२ मिमी होते, नंतर १८ मिमी झाले. दोन संध्याकाळी गेल्या आणि हाती आले चार मिमी. कारण नंतर उमगले. माझ्या क्रँकच्या पाच भुजांवर चेनरिंग ज्या कडेवर बसते ती कड इतकी घट्ट आहे की बोल्ट सैल केले तरी चेनरिंगला सरकायला वावच राहत नाही.

इथे थोडे गणित सांगतो, कारण ते कळल्यावरच माझी चिडचिड कमी झाली. चेनरिंगचा मध्य नुसता पाव मिमी बाजूला असला तर एका फेरीत तो मागच्या एक्सलपासून कधी पाव मिमी जवळ येतो, कधी पाव मिमी दूर जातो. म्हणजे अंतरात अर्धा मिमी फरक पडतो आणि वरची व खालची अशा दोन्ही बाजू धरल्या तर चेनमध्ये एक मिमी ढिलाई येते. साधारण ४२ सेंमीच्या टप्प्यात ती सगळी ढिलाई खालच्या बाजूला जमा झाली की चेन मधोमध जवळजवळ दीड सेंमी लोंबते. डोळ्यांना भयंकर दिसणारी ही गोष्ट मुळात केसभर चुकीची आहे.

खरी वाट एका रात्री झोप लागत नसताना सुचली. चेनरिंग काढून एक भुजा पुढे, म्हणजे ७२ अंश फिरवून बसवायची. घट्ट जागाही ७२ अंश सरकली तर दोष चेनरिंगचा. ती क्रँकच्या मानाने होती तिथेच राहिली तर दोष भुजांचा. माझे चेनरिंग गिअर बदलण्यासाठीच्या पिना नसलेले, सरळ सिंगलस्पीडचे असल्याने ते कोणत्याही भुजेवर चालते. सकाळी चहा होण्याआधी ते फिरवून बसवले, आणि घट्ट जागा सरकली खरी, पण जेमतेम निम्मी. दोष दोन्हीकडे होता, आणि तोही जवळपास सारखाच! भुजांचा मध्य एका दिशेला थोडा चुकलेला, चेनरिंगचा दुसऱ्या दिशेला. नेमके या दिशा एकमेकींच्या विरुद्ध आणल्या तर दोन चुका परस्परांना खाऊन टाकतील, हे लक्षात आल्यावर मी पाचही जागा एकामागून एक तपासल्या. मापे अशी आली: १८, १४, ४, १३ आणि १७ मिमी. तिसऱ्या जागेवर चार मिमी! मी ते माप तीनदा घेतले, कारण माझा स्वतःवर विश्वास बसेना. आता भुजेवर आणि चेनरिंगच्या आतल्या बाजूला पोगरीने एकेक ठिपका ठोकून ठेवला आहे, म्हणजे पुढच्या वेळी सफाईसाठी काढल्यावर हा खेळ पुन्हा मांडावा लागणार नाही.

ज्यांनी हे चेनरिंग मला ‘ट्रॅक दर्जाचे’ म्हणून विकले त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; निम्मा दोष माझ्याच जुन्या क्रँकचा निघाला. चेनरिंगवर अजिबात काटकसर करू नये आणि फिक्स्डसाठी तर मुळीच नाही, हे माझे मत मात्र आता पक्के झाले आहे. कॉगला जागी धरणारी लॉकरिंग ज्याने आवळतात त्या हुक पान्याचेही तेच. मी घेतलेला स्वस्त पाना दुसऱ्याच आवळणीत तोंड वासून बसला. लॉकरिंगचे आटे उलटे असतात, ती डावीकडे आवळली जाते, आणि पायांनी वेग आवरताना कॉग सुटू पाहतो तेव्हा त्याला अडवणारी तेवढी एकच गोष्ट असते, तेव्हा तिथे वाकणारा पाना चालत नाही. ओघात आले म्हणून सांगतो: हबच्या फ्रीव्हील बाजूवर कॉगचे आटे बसतात, कारण ते दोन्हींचे सारखेच असतात, पण तिथे लॉकरिंगसाठी उलट्या आट्यांची पायरी नसते. त्या बाजूला फिक्स्ड लावून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांपासून मी चार हात दूर राहतो.

दुरुस्तीनंतर पहिल्या तीस किलोमीटरांत सर्वांत आधी जाणवली ती शांतता. पायांनी वेग आवरताना मधली ती मोकळी फट नाहीशी झाली आहे. पेडलवर मागे दाब दिला की चाक त्याच क्षणी ऐकते. ज्याला मी फिक्स्डचा आडदांडपणा समजत होतो ती निव्वळ ढिलाई होती. उतारावर मात्र मत बदललेले नाही. ४६-१७ वर ताशी ४५ किमी वेगाला पाय मिनिटाला सुमारे १३० फेऱ्या मारतात, आणि तिथे माझे बूड सीटवर नाचू लागते. पुढचा ब्रेक काढण्याचा सल्ला देणाऱ्यांना मी पूर्वीसारखेच उत्तर देईन: जोरात थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर जातो, हलके झालेले मागचे चाक पायांनी अडवून घसरवणे दिसायला छान असते, पण लवकर थांबण्यासाठी ते कामाचे नाही. फ्रीव्हील बाजू लावायची तर मागचाही ब्रेक हवा, तो आधीपासून आहेच.

दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाचशे किमी चालवून निकाल लावायचा, अशी मूळ योजना होती. ती लिहून काढतानाच तिच्यातली खोट दिसली. एका बाजूला १७ आणि दुसऱ्या बाजूला १८ दाते असतील तर मी नेमकी कशाची तुलना करतो आहे? एकाच दमाने चालवताना मिनिटाला ९० फेऱ्यांवर एका बाजूला ताशी साधारण ३१ आणि दुसऱ्या बाजूला २९ किमी वेग मिळतो. चढावर फ्रीव्हील सोपे वाटले तर ते फ्रीव्हीलमुळे की त्या एका दात्यामुळे, हे कसे कळणार? शिवाय एका दात्याच्या फरकाने एक्सल ड्रॉपआउटमध्ये सुमारे ३.२ मिमी पुढेमागे होते आणि ब्रेक पॅडची जागा दर वेळी पुन्हा जुळवावी लागते. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला (चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) परवानगी १९३७ मध्ये मिळाली. त्याआधी चढाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटे करणारे स्पर्धक दोन्ही बाजूंना मुद्दाम वेगळे दाते ठेवत, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. मला चढ जिंकायचा नाही, मला फक्त पेडल थांबवता येणे आणि न येणे यांतला फरक पाहायचा आहे.

म्हणून १८ चे फ्रीव्हील काढून १७ चे लावायचे ठरवले आहे. चेन रुंद, १/८ इंची असल्याने फ्रीव्हील अरुंद, ३/३२ चे मिळाले तरी चालेल. हे लिहीत असताना ४७ च्या चेनरिंगचाही मोह झाला, कारण ४७-१७ मध्ये दोन्हींपैकी कोणताही पाय पुढे ठेवून घसरवता आले तर ३४ जागा मिळतात; पण नवे चेनरिंग म्हणजे पुन्हा पाच जागा, पाच मापे आणि पुन्हा निद्रानाश, तेव्हा तो विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.

फ्रीव्हील हाती येईपर्यंत चाक फिक्स्ड बाजूनेच राहील. एक प्रश्न मात्र उरतो, आणि ज्यांच्याकडे चौकोनी एक्सलची क्रँक आहे त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा: क्रँक एक्सलवर ९० अंशांनी फिरवून बसवल्यास उरलेले चार मिमीही कमी होतील का? माझ्या दोन्ही क्रँक आता घट्ट बसल्या आहेत आणि त्या काढायला हात धजत नाही, पण पोगरी आणि पाना अजून डब्यात परत ठेवलेले नाहीत.