उकड निवत्ये

माझा आयुष्यातला पहिला मोदक मी अकरा मिनिटं करत होतो. एक मोदक. अकरा मिनिटं हे नक्की माहितीय कारण व्हिडिओ कॉल चालू होता आणि स्क्रीनवर आकडा पळत होता.

२०२० ची चतुर्थी, २२ ऑगस्ट, शनिवार. आमचा गणपती गावी असतो, चिपळूणजवळ, आणि आम्ही पुण्यात अडकलेलो, ई-पास काढा, गेल्यावर क्वारंटाईन व्हा, त्यात मुलगी जेमतेम वर्षाची, शेवटी बाबाच म्हणाले की यंदा नका येऊ, देव कुठे जात नाही. मग मला हुक्की आली की आपण इथेच फोटोपुढे नैवेद्य दाखवू आणि मोदक मी करणार. बायको म्हणाली कर. तिने इतक्या पटकन कर म्हटलं तिथेच मला शंका यायला हवी होती.

आईने तिकडे फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला तिचा चेहरा नाही, फक्त दोन हात आणि अर्धं मोदकपात्र दिसत होतं. ते हात गप्पा मारता मारता मोदक करत होते. पारी, सारण, चिमट्या, फिरवलं, नाक काढलं, ठेवला. आणि इकडे मी. सहा कळ्या झकास आल्या, सातवी जाड आली, आठवीला जागाच उरली नाही. मोडला. परत गोळा, परत पारी. परत सातवीला गाडी अडली. परत मोडला. तिसऱ्या वेळी पारीच्या कडेला भेगा पडायला लागल्या आणि मी त्या बोटाने लिंपत बसलो.

"अरे काय करतोयस मघापासून? उकड निवत्ये."

"कळ्या सारख्या येत नाहीयेत."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कळ्या सारख्या येत नाहीयेत म्हणून मोडतोय, यापुढे काही सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

तर हा आजार जुना आहे. शाळेत नव्या वहीच्या पहिल्या पानावर एक अक्षर तिरकं गेलं की मी पान फाडायचो, मग त्याचं जोडीदार पान मागून सुटं व्हायचं, मग तेही फाडायचो, असं करत दिवाळीपर्यंत शंभरपानी वहीची सत्तरपानी व्हायची. एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्रात समोर तांब्या ठेवलेला. तांब्याचं तोंड म्हणजे लंबगोल, आणि लंबगोल दोन्ही बाजूंनी सारखा काढणं काय असतं ते ज्याने काढलाय त्यालाच कळेल. मी खोडत राहिलो, खोडत राहिलो, शेवटी कागदाला लव आली, रंगवायला वेळ उरला वीस मिनिटं. सी ग्रेड मिळाली. माझ्या शेजारच्या पोराने तांब्या चक्क कलंडल्यासारखा काढलेला पण पूर्ण रंगवला होता, सावली-बिवली देऊन, त्याला बी मिळाली आणि मला कित्येक वर्षं वाटत होतं की हा अन्याय आहे.

आता नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची आहे, म्हणजे चुका शोधायचाच पगार मिळतो, आजाराला सरकारी मान्यता मिळाल्यासारखं झालं. फक्त ऑफिस सुटलं तरी मशीन बंद होत नाही. दोन ओळींचा मेल पाच वेळा वाचायचा. बाथरूममधली एक टाईल दोन मिलीमीटर खाली बसलीय ती घरात फक्त मलाच दिसते, रोज दिसते. आणि लोकांना वाटतं की असा माणूस सगळं कसं छान करत असेल. अहो कुठलं छान, असा माणूस बऱ्याच गोष्टी करतच नाही. माझ्याकडे गिटार आहे, गिटार वाजवायची राहिलीय. पोहायचा पास काढून दोनदा गेलोय. नीट जमणार नसेल तर नकोच, या एका वाक्यावर मी निम्मं आयुष्य कोरं ठेवलंय, वहीसारखंच.

मध्यंतरी यावर थोडं वाचलं. कॅनडातल्या पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले: एक स्वतःकडून बिनचूकपणाची अपेक्षा, दुसरी इतरांकडून, आणि तिसरा प्रकार म्हणजे लोक आपल्याकडून बिनचूकच अपेक्षित धरतायत असं वाटत राहणं. वाचल्यावर मला आमचं चतुर्थीचं स्वयंपाकघरच दिसलं. पहिली माझी आई, पिठीत गुठळी राहिली तर कुणी न सांगता उकड पुन्हा काढणारी. दुसरी आमची आत्या, पाटावर बसून दुसऱ्यांचे मोदक हातात घेऊन फिरवून बघणारी (स्वतः एकही करत नाही, गुडघे दुखतात). आणि तिसरा मी, ज्याला मोदक करताना देव आठवत नाही, फॅमिली ग्रुपवर टाकायचा फोटो आठवतो.

पण उकडीचं एक आहे, ती असल्या माणसाला भीक घालत नाही. तांदळाच्या पिठीत कणकेसारखा चिकटपणा मुळातच नसतो. उकळत्या पाण्यात पिठी घालून दणदणीत वाफ आणली की त्यातला स्टार्च फुगतो, तेवढ्याच्या जोरावर पारी उभी राहते, आणि गार होत गेली की आखडते, मग भेगा. म्हणून चटके बसतायत तोवरच मळायची, तेलपाण्याचा हात लावत, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची आणि भराभर हात चालवायचा. चकली तुटली तर परत सोऱ्यात घाला, शंकरपाळे पट्टी लावून कापा, कुणी विचारत नाही. मोदकाला मात्र तेवढी सवड नाही. तू एक मोदक सुंदर करत बसलास की बाकीचे वीस तिकडे फडक्याखाली बिघडत असतात. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी शेवटी अकरा मोदक झाले. तीन फुटले, दोघांची नाकं वाफेत बसली, एक तर चक्क कांद्यासारखा दिसत होता. फोटो काढायला धीर होईना. तर आई म्हणाली पाच बरे आहेत ना, ते वर मांड, बाकीचे खाली घाल. मी म्हटलं ही तर फसवणूक आहे. म्हणाली, फसवणूक कसली, मी गेली चाळीस वर्षं तेच करते. आणि मग तिने मोबाईल उचलून तिच्या ताटात दाखवलं, वरचा थर म्हणजे नुसती कमळं, आणि खालून तिने एक काढला तो फुटका, गूळ बाहेर आलेला. आत्याच्या नजरेला असला आजवर एकदाही पडला नव्हता. मी तिचे मोदक लहानपणापासून खातोय, खालचा थर आम्हीच पोरं संपवायचो, फुटका मोदक आधी खायचो कारण त्याचं सारण लगेच मिळायचं. आणि तरी डोक्यात कायम वरचाच थर राहिला.

उरलेल्या उकडीच्या तिने माझ्याकडून निवगऱ्या करून घेतल्या. हिरवी मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर, सगळं चुरडून उकडीत मळायचं, गोळी करून चपटी दाबायची, वाफवायची, वरून तेल. आकार कसा द्यायचा विचारलं तर म्हणाली त्याला आकार नसतो. खरं सांगतो, त्या दिवशी सगळ्यात चांगलं तेच झालं होतं, आणि मला अजूनही मोदकापेक्षा निवगऱ्या जास्त आवडतात पण हे गणपतीत मोठ्याने बोलायचं नाही.

पुढल्या वर्षी मी साचा आणला. प्लास्टिकचा, दोन फाकांचा. एकवीस मोदक, एकवीसच्या एकवीस सारखे, कवायतीला उभे केल्यासारखे. बेधडक फोटो टाकला. आईचा मेसेज आला, "छान. साच्याचे का?" त्यात टोमणा नव्हता, ती फक्त विचारत होती, पण साचा तेव्हापासून माळ्यावर आहे.

आता हाताने करतो. फार सुधारणा आहे अशातला भाग नाही. नऊ-दहा कळ्या पडतात, कधी सातच. रील्सवर लोक एकवीस-एकवीस कळ्या घालतात ते मी बघतो आणि मग दिवसभर चिडचिडा असतो, असं बायकोचं म्हणणं आहे. एक फरक पडलाय, मी मोदक मोडत नाही. बिघडला की बिघडला, ठेवायचा, पुढचा घ्यायचा. मेलचं पण आता तीनदाच वाचून पाठवतो. टाईल अजून दिसते.

यंदा आम्ही गावी होतो. लेक आता सहा वर्षांची झालीय, तिला पाटावर बसवून आईने एक गोळी दिली. तिने पारी केली ती एका बाजूने कागद आणि एका बाजूने भाकरी. सारण कोंबलं तीन मोदकांचं. मग सगळीकडून बोटांनी आवळलं आणि खाली ठेवलं. बटाटाच. कळी नाही, नाक नाही.

मी इतकी वर्षं हे सगळं शिकलेला माणूस, माझा हात आपोआप गेला. फार नाही, वरून जरा चिमटा घेऊन नाक काढलं, एका बाजूला दोन कळ्या ओढल्या, बरा दिसायला लागला. लेक बघत होती. काही बोलली नाही. मी पुढच्या पारीकडे वळल्यावर तिने तो उचलला, तळहाताने नाक आत दाबलं, कळ्या पुसल्या, पहिल्यासारखा बटाटा केला आणि स्वतःच्या हाताने चाळणीत ठेवला, आजीच्या सगळ्यात सुबक मोदकाला खेटून.

वाफेत तो फुटला, अर्थातच. सारण हळदीच्या पानावर पसरलं, आजीच्या मोदकालाही खालून गूळ लागला. नैवेद्य होईस्तोवर ती चाळणीपाशीच उभी होती आणि मग तिने पान उचललं, आणि आत्या समोर बसलेली असताना, चाटायला सुरुवात केली.