किल्ली कुणाकडे?

दुपारी एक ते चार या वेळात पुण्यात दार वाजवून मत मागणं म्हणजे असलेलं मत घालवणं. उमेदवारांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे त्या वेळात माणूस येत नाही, पत्रक येतं. दाराच्या फटीतून आत सरकतं, नाहीतर सेफ्टी डोअरच्या जाळीत अडकवलेलं सापडतं. गुळगुळीत कागद, तीन घड्या. फळीवर अंथरायला उत्तम, भेळेला अगदीच कुचकामी.

जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीत ही पत्रकं अंमळ जाडच होती. साहजिक आहे. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. सांगायचं बरंच साचलेलं. गंमत म्हणजे या काळात शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता, तरी ‘केलेली कामे’ हा मथळा काही कुणी गाळला नाही. एक्केचाळीसपैकी चाळीस प्रभाग चौघांचे आणि एक पाच जणांचा, त्यामुळे पहिल्या पानावर हात जोडलेली माणसंही चार-चार. प्रभागातल्या प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा, म्हणून अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा असा रंगांचा खुलासा. आणि अगदी तळाशी, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरात मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, प्रतींची संख्या. मुद्रक-प्रकाशकाचं नाव तर छापावंच लागतं. सबंध पत्रकात तपासून बघता येईल असा तेवढाच एक आकडा.

मधल्या पानावर ‘आमचे प्राधान्य’ असतं. त्याचा क्रम कसा लागतो यावर माझं एक मत आहे आणि ते बदलावं असं अजून काही घडलेलं नाही. ज्या कामावर पाटी लावता येते ते वर. प्रवेश कमान, चौकाचं सुशोभीकरण, शिल्प, ओपन जिम, विरंगुळा केंद्र, अभ्यासिका. जे जमिनीखाली जातं ते खाली. ड्रेनेज, पावसाळी गटार, पाण्याची लाइन या सगळ्यांची मिळून एकच ओळ, शेवटी ‘इत्यादी’. ड्रेनेजच्या झाकणावर नाव घालून काय मिळणार? लोक त्यावरून गाडी नेतात.

बाक मात्र कुठल्याही पत्रकात असतोच, आणि खरं तर तो यादीतला सगळ्यात प्रामाणिक जिन्नस आहे. पाठीवर ठळक अक्षरात ‘यांच्या विकासनिधीतून’. आचारसंहिता लागली की त्या नावावर कागद चिकटवतात. निकाल लागल्यावर तो कागद काढायला कुणी येत नाही, तो जूनचा पाऊस काढतो.

बाक लोकप्रिय का, तर त्याला रस्ता खोदावा लागत नाही, वाहतूक पोलिसांकडे जावं लागत नाही, पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, एका पानात उरकतं. मार्चअखेरीला निधी शिल्लक दिसला की टेंपोतून दहा-बारा नग उतरवले की काम पूर्ण. म्हणूनच बाक टेंपो थांबतो तिथे असतात. कोपऱ्यावर ओळीने तीन, आणि पुढे चढावर, जिथे म्हाताऱ्या माणसाला खरोखर दम लागतो, तिथे एकही नाही.

बाकात बिघडण्यासारखं काय असतं, असं वाटेल. पुष्कळ असतं. बैठक जमिनीपासून साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर हवी. बागेत शोभून दिसतात म्हणून पस्तीसवर केलेले बाक असतात. त्यावर गुडघे दुखणारा माणूस बसतो छान, उठायला मात्र दोघे लागतात. त्यासाठीच हात हवेत, टेकायला नव्हे तर रेटून उठायला, आणि खर्च वाचवताना पहिले गळतात ते हातच. बैठकीला बोटभर उतार नाहीतर मधे एखादं भोक हवं, नाहीतर पावसाळ्यात सकाळी सरीनंतर साठलेलं पाणी दुपारपर्यंत हटत नाही आणि लोक रुमालाने बाक पुसून मग रुमाल पिळत बसतात. पाय काँक्रीटमध्ये गाडलेले हवेत. नुसता पेव्हर ब्लॉकवर ठेवला तर एका पावसाळ्यात खालची वाळू निघून जाते आणि बाक एका बाजूला कलतो.

पेव्हर ब्लॉकचं नाव निघालंच आहे तर तेही सांगून टाकू. साठ मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पायी चालणाऱ्याला आणि हलक्या गाड्यांना पुरतो. त्यावर पाण्याचा टँकर चढवला तर दोष ब्लॉकचा नसतो. खाली मुरूम-खडी धुमसून घट्ट केलेली, वर तीनेक सेंटिमीटर वाळूचा सारखा थर, कडेला पक्का कर्ब, आणि शेवटी सांध्यांत बारीक वाळू झाडून भरलेली. ही शेवटची वाळू भरायची राहते. मग ब्लॉक सुटे होतात, खाली पाणी धरतात आणि पावसात त्यावर पाय पडला की थेट पोटरीपर्यंत पिचकारी. पुण्यातल्या माणसाला कुठला ब्लॉक टाळायचा हे पाठ असतं.

तर बाक. जागा निवडताना पश्चिमेचा सूर्य बघावा लागतो. एप्रिलमध्ये चार ते सहा ऊन तोंडावर घेणारा सिमेंटचा बाक सात वाजेपर्यंत तापलेला असतो, आणि ज्येष्ठांची बसायची वेळ नेमकी तीच. गुलमोहराखाली नको, त्याची फांदी वाऱ्याला भरवशाची नाही. कडुनिंब चांगला. बिडाच्या चौकटीचे, लाकडी पट्ट्यांचे बाक दिसायला देखणे, पण आधी त्यांचे नटबोल्ट जातात, मग पट्ट्या, मग चौकट भंगारात. म्हणून शेवटी सगळे सिमेंटवरच येतात. तिथेही आतली सळई पृष्ठभागाच्या फार जवळ असली की गंजून फुगते आणि कडेचे टवके उडतात.

आणि तोंड रस्त्याकडे हवं. बागेच्या आत, कारंज्याकडे तोंड करून मांडलेले बाक रिकामे असतात, कारण माणसाला कारंजं पाच मिनिटं बघवतं. कोण कुठे चाललंय ते तासभर बघता येतं. चार बाक एका रेषेत ठेवले तर या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही, त्यात निम्म्या मंडळाला कमी ऐकू येतं. दोन बाक काटकोनात ठेवले की गप्पा जमतात. हे कुठल्याही पूर्वगणनपत्रकात नसतं आणि याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

पूर्वी ही सगळी सोय वाड्याच्या ओट्यावर व्हायची. उंची बेताची, सावली दुपारनंतर आपोआप, तोंड रस्त्याकडे. शेंगा सोलायच्या त्या तिथे, निवडणुकीचे अंदाज तिथे, कुणाच्या घरी कोण बघायला आलं याची नोंदही तिथेच. भूपाळीच्या वेळी दूधवाला टेकायचा, रात्री जेवून आलेले टेकायचे, मधल्या वेळात कुत्रं. परक्या माणसाला ‘इथे का बसलात’ असं कुणी विचारायचं नाही. वाडे पाडून इमारती आल्या तेव्हा ओट्याच्या जागी पार्किंग आलं, पार्किंगला फाटक, फाटकाला सुरक्षारक्षक, आणि बाहेरच्याने टेकण्याचा प्रश्न मिटला. मग टेकण्यासाठी निधी लागू लागला.

बाक प्रामाणिक म्हटला तो एवढ्यासाठी, की त्याला किल्ली नसते.

विरंगुळा केंद्राला असते. केंद्र बांधायला भांडवली, म्हणजे एकदाच्या बांधकामाची, तरतूद मिळते, कोनशिला बसते, कॅरम बोर्ड आणि वर्तमानपत्राचं स्टँड येतं. रोज सकाळी दार उघडणाऱ्याचा पगार, झाडू-फिनेल, वीजबिल, जळालेली ट्यूब हे सगळं महसुली, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चात, आणि तो बांधकामाच्या कागदात कुठेच नसतो. मग किल्ली कुणातरी कार्यकर्त्याकडे राहते. तो गावाला गेला की ज्येष्ठ नागरिक पायरीवर. कार्यकर्त्याने पक्ष बदलला तर प्रकरण आणखी अवघड, कारण किल्लीही त्याच्याबरोबर पक्ष बदलते.

अभ्यासिकेचं तसंच. उद्घाटनाच्या फोटोत टेबलं दिसतात. एमपीएससी करणाऱ्या पोरांना हवं असतं ते फोटोत येत नाही: रात्री बारापर्यंत उघडं दार, प्रत्येक खुर्चीजवळ प्लगचा पॉइंट, आवाज न करणारा पंखा, पिण्याचं पाणी, आणि मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह. सायंकाळी सहाला कुलूप लागणारी अभ्यासिका ही फक्त नोकरी नसलेल्यांसाठी असते, आणि दिवसभर डिलिव्हरी करून रात्री वाचणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

ओपन जिमला कुलूप नाही, पण मालकही नाही. हवेत पाय मारायचं ते यंत्र आधी नुसतं कुरकुरतं. तेव्हाच बेअरिंगला ग्रीस दिलं तर वर्षभर चालेल. दिलं जात नाही. मग बेअरिंग झिजतं, पाय एका बाजूला लोंबतो, आणि शेवटी त्यावर गोधड्या वाळतात. देखभालीचा करार संपल्याची तारीख कुणाला सांगता येत नाही. उद्घाटनाची दगडावरच कोरलेली असते.

प्रभागातला खरा सत्ताधीश मात्र कुठल्याच पत्रकावर नसतो. तो पहाटे सायकलवर किंवा जुन्या स्कूटरवर, खांद्यावर टी आकाराची लांब लोखंडी चावी घेऊन येतो. चावीवाला. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलतो, चावी व्हॉल्वच्या स्पिंडलवर बसवतो आणि फिरवतो. किती आटे फिरवायचे ते त्याच्या हाताला माहीत असतं, कागदावर नसतं. हळू फिरवावं लागतं. झटक्याने उघडलं किंवा, त्याहून वाईट, झटक्याने बंद केलं तर पाण्याचा दणका बसून जुनी लाइन सांध्यात फुटते. सुरुवातीला नळातून नुसती हवा येते, ती चढावरच्या घरांना जास्त वेळ ऐकावी लागते, कारण पाणी आधी उताराकडे जाणार. रस्त्याचं डांबरीकरण झालं की कधीकधी चेंबरचं झाकणच खाली गाडलं जातं; मग चावीवाला आणि दोन बिगारी पहाटे पहारीने डांबर ठोकत चेंबर शोधतात. त्या डांबरीकरणाचा फोटो मात्र पत्रकावर असतो. हा माणूस रजेवर गेला तर बदली कोण, हे विचारलेलं मी अजून कुठल्या सभेत ऐकलेलं नाही.

सभेवरून आठवलं. क्षेत्रसभेची तरतूद आपल्या महापालिका कायद्यात २००९ साली आली. मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसायचं, आपल्या भागातली कामं आणि त्यांचा क्रम सुचवायचा. म्हणजे प्राधान्यक्रम आपणच लावायचा, दाराच्या फटीतून येणाऱ्या पत्रकाने नव्हे. चांगली कल्पना आहे. पत्रकात ती दिसत नाही. पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायचा अर्जही असतो, २००६पासून. क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. त्यातही लोक बाकच मागतात, हे कबूल करायला हवं.

राहता राहिलं बायकांचं स्वच्छतागृह. मंडईच्या कडेला, रिक्षास्टँडच्या मागे कुठेतरी ते असतं. बांधलेलं असतं, पाटी असते, दाराला कुलूप असतं. किल्ली शेजारच्या पानटपरीवर. भर बाजारात, चार पुरुषांच्या घोळक्यातून हात घालून ती मागायची. उघडलं तर आत नळाची तोटी चोरीला गेलेली, कडी तुटलेली, पर्स अडकवायला खुंटी नाही, बादली नाही, दिवा नाही. रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई पहाटे मार्केट यार्डातून माल आणते आणि दुपारपर्यंत पाणी पीत नाही. तहान नसते म्हणून नव्हे. उन्हाळ्यातही पीत नाही. लघवीची जळजळ, मुतखडा, हे त्या टोपल्यांमागे बसणाऱ्या बायकांचं नेहमीचं बोलणं आहे. त्याच बायका भाजीवर मात्र दर अर्ध्या तासाने पाणी मारतात.

याचा हिशेब अगदी साधा आहे. सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवायचं तर दोन पाळ्या. आठवड्याच्या चौदा. एका माणसाला सुट्टी धरून सहा पाळ्या, म्हणजे दोन माणसांत भागत नाही, तीन लागतात. बायकाच हव्यात. तिघींचा किमान वेतनाने पगार, साबण-फिनेल, महिन्याला तोटी-कडीची दुरुस्ती, टाकी भरायची सोय. कमानीच्या एका खांबात तिघींचे बरेच महिने निघतील. फक्त हा खर्च दरवर्षी करावा लागतो आणि त्याचं उद्घाटन होत नाही.

प्रचारफेरीत उमेदवार दारात आला की लोक रस्ता आणि पार्किंग विचारतात. त्याला त्याची उत्तरं पाठ असतात. तीन बायकांच्या पगाराचं विचारून बघावं. ‘नक्की बघू, ताई, तुम्ही ऑफिसला या एकदा,’ असं म्हणून तो जिना उतरतो. पुढच्या सोसायटीत साडेसहाची वेळ दिलेली असते.