सहाव्या धावपटूची शर्यत

पुण्यात रविवारी पहाटे धावायला बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या गप्पा ऐकल्या, तर विषय बहुतेक वेळा घड्याळाचा असतो. दहा किलोमीटरला किती लागले आणि मागच्या वर्षीपेक्षा किती मिनिटे वाचली, यापलीकडे बोलणे सहसा जात नाही. क्रॉस कंट्रीत, म्हणजे रस्ता वा ट्रॅक सोडून मोकळ्या गवता-चिखलातून धावायच्या शर्यतीत, या हिशेबाला फारसा अर्थ उरत नाही, कारण दोन मैदाने कधी सारखी नसतात आणि एकाच मैदानावरही पाऊस पडून गेला की कालची वेळ आज गाठता येत नाही. तेथे धावपटूचा क्रमांक तेवढा पाहिला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांतील आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री अजिंक्यपद स्पर्धेविषयी वाचताना मला याच गोष्टीने बांधून ठेवले.

ही स्पर्धा १९०३ मध्ये स्कॉटलंडमधील हॅमिल्टनच्या रेसकोर्सवर सुरू झाली. तेव्हा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड असे चारच संघ होते. फ्रान्स १९०७ मध्ये आला. म्हणजे नाव आंतरराष्ट्रीय असले तरी बराच काळ मामला शेजाऱ्यापाजाऱ्यांचाच होता. महायुद्धामुळे खंड पडल्यानंतर १९४६ मध्ये स्कॉटलंडमधल्याच एअर येथे ती पुन्हा भरली आणि फ्रान्सचा राफाएल पुजाझों जिंकला. पुढच्या वर्षी पॅरिसजवळच्या सां-क्लू येथेही तोच पहिला आला. यांतली बरीच मैदाने घोड्यांच्या शर्यतींची होती. आपल्या कॅम्पातील रेसकोर्स ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे कारण सांगावे लागू नये : मोकळे गवत, हव्या तेवढ्या फेऱ्या आखण्याची सोय आणि प्रेक्षकांना बसायला जागा.

अंतर सुमारे नऊ मैल, म्हणजे साधारण साडेचौदा किलोमीटर असे. प्रत्येक देशाचे नऊ जण धावत आणि त्यांतल्या पहिल्या सहा जणांच्या क्रमांकांची बेरीज केली जाई. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. खरी गंमत या बेरजेत आहे. पहिला आलेला धावपटू संघाला एक गुण देतो, दुसरा आला असता तर दोन दिले असते. म्हणजे वीराच्या पराक्रमाने संघाचा फायदा झाला तो अवघ्या एका गुणाचा. उलट सहावा माणूस शेवटच्या चढावर ढेपाळला आणि चाळिसावा यायचा तो साठावा आला, तर एका फटक्यात वीस गुण गेले. सातवा, आठवा आणि नववा यांचे क्रमांक स्वतःच्या संघाच्या बेरजेत येत नाहीत, पण प्रतिस्पर्ध्याच्या सहाव्याला मागे टाकले की त्याची बेरीज ते वाढवतात. त्यामुळे ज्याच्याकडे छायाचित्रकार ढुंकूनही पाहत नसत, अशा माणसाच्या पायांवर अजिंक्यपद अवलंबून असे. मला विचाराल तर धावण्यासारख्या एकलकोंड्या खेळात याहून चांगली सांघिक पद्धत कुणी काढलेली नाही.

असे असले तरी अलँ मिमून याच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. अल्जीरियात जन्मलेला हा फ्रेंच सैनिक १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोच्या लढाईत जखमी झाला आणि त्याचा पाय कापावा लागण्याची वेळ आली होती. त्याच वर्षी, त्याच इटलीच्या मोहिमेत, मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती रणभूमी मराठी माणसाला तशी परकी नाही. वाचलेल्या त्या पायावर मिमूनने १९४९, १९५२, १९५४ आणि १९५६ अशी चार वेळा ही स्पर्धा जिंकली. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर मात्र त्याच्यापुढे नेहमी चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक असे : १९४८ मध्ये एक आणि १९५२ मध्ये दोन, अशी तीन रौप्यपदके त्याने झाटोपेकच्या मागे राहून मिळवली. अखेर १९५६ मध्ये मेलबर्नची मॅरेथॉन जिंकल्यावर तो अंतिम रेषेजवळ थांबून राहिला आणि सहाव्या क्रमांकाने आलेल्या झाटोपेकला त्याने मिठी मारली. त्या मॅरेथॉनमध्ये दुसरा आलेला युगोस्लाव्हियाचा फ्रान्यो मिहालिच हा १९५३ चा क्रॉस कंट्री विजेता होता, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

जन्माने अल्जीरियाचा असला तरी मिमून फ्रान्सच्या बनियनमध्ये धावला. १९६० मध्ये पुन्हा हॅमिल्टनलाच स्पर्धा भरली, तेव्हा जिंकलेला रादी बेन अब्देस्सलाम नुकत्याच स्वतंत्र झालेल्या मोरोक्कोकडून धावत होता. त्याच वर्षी रोमच्या मॅरेथॉनमध्ये तो अनवाणी धावणाऱ्या इथिओपियाच्या अबेबे बिकिलाच्या मागे दुसरा आला. पुढे १९६६ मध्ये स्पर्धा मोरोक्कोतील रबातला आणि १९६८ मध्ये ट्युनिशियातील ट्युनिसला गेली. दोन्ही ठिकाणी यजमान देशाचाच धावपटू जिंकला आणि ट्युनिसचा विजेता मोहम्मद गम्मूदी याने त्याच वर्षी मेक्सिकोत पाच हजार मीटरचे सुवर्ण मिळवले. चार देशांचा घरगुती मामला असा समुद्रापार पोहोचला. १९७३ पासून जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने ती जागतिक स्पर्धा म्हणून आपल्या हाती घेतली.

बेल्जियमच्या गॅस्टन रुलांट्सनेही ती चार वेळा जिंकली, शिवाय १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचे, सुवर्णही. आपल्या बीडचा अविनाश साबळे लष्करात आधी क्रॉस कंट्रीच धावत होता आणि तेथूनच स्टीपलचेसकडे वळला, हे लक्षात घेतले तर या दोन प्रकारांची सोयरीक स्पष्ट होते. ओबडधोबड जमिनीवर लय मोडली की ती पुन्हा सापडवण्याची सवय लागते, आणि अडथळ्यामागून अडथळा ओलांडताना नेमके तेच करायचे असते. पुण्यात वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे आणि मॅरेथॉनला येणारी हजारो माणसेही आहेत. एखाद्या धावगटाने दुसऱ्या गटाला नऊ-नऊ जणांची, सहांच्या बेरजेची शर्यत लावून पाहावी. तिला ना वेळ मोजणारी चिप लागेल ना पदक, शेवटी उभा राहून क्रमांक टिपणारा एक माणूस आणि एक वही पुरेल.