दोन पाटील आणि एक न लिहिलेला पत्ता

जुलैचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेदहा. सांगलीतल्या आमच्या लहानशा ऑफिसात मी एकटीच. रिटर्न भरायची मुदत तोंडावर आलेली. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांचं कॉम्प्युटेशन, म्हणजे आयकराचा हिशोब, मेलवर पाठवायचं होतं. 'पाटी' एवढंच टाइप केलं, खाली नाव आलं, एंटर मारलं.

सकाळी फोन आला तो दुसऱ्याच पाटलांचा, मिरजेहून. चार वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या बिल्डिंगमधल्या गाळ्याची मेलवर चौकशी केली होती आणि मी "गाळा गेला" असं एका ओळीत कळवलं होतं. "मॅडम, कुणाचं तरी पॅन नि बँक खातं माझ्याकडे आलंय. मी डिलीट केलंय, पण तुम्ही बघा," म्हणाले. मेलखाली माझा नंबर होता म्हणून फोन केला. भला माणूस.

सरांना मी घरी जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. "पासबुकातला आकडा मी मुलालाही दाखवत नाही गं," एवढंच म्हणाले. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

पूर्ण पत्ता न वाचता एंटर मारला, ही चूक माझीच. पण तो पत्ता मी कुठेच लिहून ठेवला नव्हता. एकदा उत्तर दिलं, तेवढ्यावर मेलच्या प्रोग्रॅमने मला न विचारता तो नोंदवून घेतला. त्याच दिवशी यादी उघडली. माझे क्लायंट २१२ आणि नोंदी १,१४३! लग्नाच्या हॉलचा मॅनेजर, कुरिअरचा तक्रार विभाग, एकाच बाईंचे तीन पत्ते, त्यातला एक मीच चुकीच्या स्पेलिंगने टाइप केलेला.

अशा फुगलेल्या यादीचा धोका दुसऱ्यांनाही असतो. मार्च १९९९ मधला मेलिसा व्हायरस आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. मे २००० मधला 'आय लव्ह यू' तर यादीतल्या सगळ्यांनाच. गाळ्याची चौकशी करणाऱ्या माणसाने माझ्यामुळे त्यात का सापडावं?

जीमेल वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली 'क्रिएट कॉन्टॅक्ट्स फॉर ऑटो-कम्प्लीट' शोधा. तिथे संपर्क स्वतः जोडण्याचा पर्याय निवडा आणि पानाच्या तळाशी जाऊन सेव्ह करा, ते हमखास राहून जातं. आधी साठलेले पत्ते त्याने जात नाहीत. ते 'अदर कॉन्टॅक्ट्स'मधून हाताने काढावे लागतात. आउटलुकमध्ये सुचवलेल्या नावापुढे फुली असते. थंडरबर्ड असे पत्ते 'कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस' नावाच्या वेगळ्या वहीत ठेवतो. मला ते जास्त पटतं, निदान आपली वही आपली राहते.

दोन रविवार बसून मी यादी साफ केली. मिरजेच्या पाटलांचा पत्ता कागदावर उतरवून घेतला, मग यादीतून काढला. सेटिंग बदललेलं होतं. शेवटी तो पत्ता एकेक अक्षर बघत टाइप करून त्यांना आभाराचा मेल पाठवला.