डोंबिवलीची संख्या

काल जेवणं आटोपल्यावर भाचीला चौकटीची वही घेऊन बसवलं आणि एकच गुणाकार करायला सांगितला. 111111111 गुणिले 111111111.

"मावशी, यात गुणायचं काय? सगळं एकनेच तर आहे!"

खरंच आहे. नऊ ओळी, प्रत्येकीत तेच नऊ एक, दर ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना एकंच्या घरात 1, दहंच्या घरात 2, असं चढत नवव्या घरात 9. तिथून पुन्हा उतरत 1. उत्तर 12345678987654321.

"हातचा एकदाही आला नाही," ती म्हणाली. मला तिला नेमकं हेच दाखवायचं होतं. कुठल्याच घराची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून तो चढ-उतार जसाच्या तसा उत्तरात उतरतो आणि संख्या दोन्हीकडून सारखी वाचता येते.

अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलेलं हे नाव. डेम्लो म्हणजे आमची डोंबिवली! जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या काळात स्टेशनचं ते नाव होतं, आणि या संख्यांची कल्पना त्यांना तिथेच सुचली. 6174 या 'कापरेकर स्थिरांका'मुळे ते जगभर ओळखले जातात, पण मी रोज ज्या फलाटावर लोकलची वाट बघते, तिथल्या या संख्या मला जास्त जवळच्या वाटतात.

सतरा अंकांच्या या संख्येतला डावीकडचा पहिला 1, एकं-दहं-शतं असं मोजत गेलं तर, 'मध्य' नावाच्या सतराव्या घरात येतो. भास्कराचार्यांच्या घरांच्या नावांच्या यादीत त्याच्या पुढचं घर परार्धाचं. नऊ एकांचे मूळ अवयव पाडले तर 3 × 3 × 37 × 333667. म्हणजे त्यांच्या वर्गात 3 चारदा, 37 आणि 333667 दोन-दोनदा. विभाजकांची संख्या 45. पूर्ण वर्ग असल्यामुळे ती विषमच यायची.

आता अंकांची बेरीज करा: 81. आणि 81 ने संख्येला निःशेष भाग जातो! भागाकार येतो 12345679 चा वर्ग, आणि त्या 12345679 मध्ये आठच नाही. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच नाव दिलं, हर्षद. हर्ष देणारी. इतकं मायेचं नाव संख्यांना देणारा माणूस वर्गात कसा शिकवत असेल, हे मला फार बघावंसं वाटतं.

भाचीने मग न सांगता दहा एक मांडले. मधल्या घरात दहा झाले, हातचा आला, तो पुढच्या नऊला मिळाला, तिथेही दहा, पुन्हा हातचा. उत्तर 1234567900987654321. डावीकडून वाचताना सातनंतर एकदम नऊ. मधल्या दोन शून्यांभोवती तिने लाल पेनने गोल केला आणि पान उलटून अकरा एक लिहायला घेतले.