ड्युली भरलेला फॉर्म

ड्युली हा इंग्रजी शब्द आपल्याकडे कुणी बोलताना वापरलेला मी तरी ऐकला नाही. तो राहतो फॉर्मच्या तळाशी. ड्युली फिल्ड, ड्युली साइन्ड, ड्युली अटेस्टेड. नुसतं फिल्ड म्हटलं तर काय बिघडतं असं वाटतं ना, पण बिघडतं, कारण ड्युली काय केलं ते सांगतच नाही, कसं केलं ते सांगतो, आणि खिडकीपलीकडच्या माणसाचा सगळा जीव त्या 'कसं'मध्येच अडकलेला असतो.

याचा बेस्ट नमुना म्हणजे १८९९ चा मुद्रांक कायदा. त्यात ड्युली स्टॅम्प्डची चक्क व्याख्या आहे, तिकीट योग्य रकमेचं हवं आणि कायद्यात सांगितलंय तसंच लावलेलं हवं. म्हणजे नुसतं थुंकी लावून चिकटवलं की झालं असं नाही, ते परत वापरता येणार नाही असं रद्द करायला लागतं, म्हणून तर ५००० च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून आपण अर्धी सही तिकिटावर आणि अर्धी कागदावर अशी आडवी ठोकतो. तीच सही शेजारच्या कोऱ्या जागेत सुबक केलीत आणि तिकीट तसंच कोरं ठेवलंत, तर डोळ्यांना दिसणारं ते तिकीट कायद्याच्या लेखी नाहीच! मला हे प्रचंड आवडतं.

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. लग्नाचं कार्ड व्हॉट्सॲपवर आलं, वर फोनही आला, तरी आत्या विचारणारच, "अक्षत घेऊन कोण आलं होतं का? रीतसर बोलावणं नको?"

पण ड्युलीचा हा रीतसर अर्थ सगळीकडे चालत नाही. क्रिकेटच्या इंग्रजी बातमीत सोपा कॅच सुटतो आणि मग तो बॅट्समन ड्युली सेंच्युरी मारतो. तिथे अर्थ एवढाच की मग काय, व्हायचं तेच झालं.

आणि ड्युली नोटेड तर वेगळंच प्रकरण. वरून एकदम अदबशीर, आतून 'ऐकलं, आता निघा'. आमच्या सोसायटीत लिफ्टबद्दल मेल टाकला की हेच दोन शब्द येतात. मिनिट्समध्ये तक्रार आहे, तारीख आहे, खाली सही आहे, लिफ्ट तेवढी बंद आहे.