आधी काढायचं, मग बांधायचं

चेहऱ्यावरच्या त्वचेच्या कॅन्सरची सर्जन व्हायचं असं मनाशी धरून मी एमबीबीएसला प्रवेश घेतला नव्हता. आपल्याकडे या नावाची वेगळी पदवीच नाही. कुणी त्वचारोगात एमडी करून या कामाकडे वळतं, कुणी कान-नाक-घसा करून, कुणी कॅन्सर सर्जरीतून. माझी वाट प्लास्टिक सर्जरीची. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं जनरल सर्जरीत एमएस, मग नीट-एसएस ही सुपर-स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा आणि पुढे तीन वर्षं प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच. शिवाय सरकारी बॉण्डची सेवा वेगळी. आता मुलं-मुली हा रस्ता विचारायला येतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एमएसच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हर्निया, अपेंडिक्स, आतड्याला पडलेली छिद्रं, रात्री कॅज्युअल्टीत येणारे अपघात. हात तिथे बसला, आणि रक्त बघून घाई करायची नाही हेही तिथेच अंगी आलं.

एमसीएचला असताना एक आजी आल्या. आयुष्यभर उन्हात शेती केलेल्या. नाकपुडीच्या कडेला काळसर गाठ, मध्ये जखम. ‘तीळच हाय, लई वर्सांचा,’ म्हणाल्या. खपली धरायची, पडायची, जरा रक्त यायचं, पुन्हा खपली. मधल्या काळात कुणी चुना लावायला सांगितलं होतं, कुणी कसलं मलम. तपासणीत निघाला बेसल सेल कार्सिनोमा, त्वचेचाच एक कॅन्सर. गोऱ्या कातडीवर हा मोत्यासारखा चकाकतो आणि पाठ्यपुस्तकांत तसेच फोटो असतात. आपल्या कातडीत मात्र तो बऱ्याचदा काळा दिसतो, म्हणून तीळ समजून वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. तो शरीरात दुसरीकडे सहसा पसरत नाही, पण आहे तिथेच पोखरत जातो: आधी कातडी, मग कूर्चा, मग हाड, डोळ्याच्या कोपऱ्याजवळ असला तर डोळ्याची खोबणसुद्धा.

‘पोरी, नाक ऱ्हाईल न्हवं?’ एवढंच आजींनी विचारलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सरांनी आम्हाला समोर बसवलं. कोणता फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट वळवून आणलेली शेजारची कातडी, घ्यायचा हे आज ठरवायचंच नाही, म्हणाले. आधी रोग पूर्ण काढायचा. खड्डा केवढा पडतो ते पाहायचं, त्यानंतर बांधणीचा विचार. जो खड्ड्याला घाबरतो तो कडेला कॅन्सर ठेवून येतो. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या संध्याकाळच्या बोलण्यातूनच निघालं असं मी मानते, कारण प्लास्टिक सर्जनचा सगळा ओढा बांधणीकडे असतो. चेहरा सुंदर करायला आलेल्या माणसाला आधी तो मोठा बिघडवायला शिकावं लागतं.

मग प्रश्न उरतो, पूर्ण काढलं हे कळणार कसं? लहान, स्पष्ट कडांच्या बेसल सेलसाठी भोवतीची ४ मिलिमीटर निरोगी कातडी घेतात. पाठीवर ४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पापणीवर, नाकाच्या शेंड्यावर तेवढ्यात सगळं रूप बदलतं. आणि नेमकं डोळे, नाक, ओठ, कान यांच्या भोवतीच हा रोग खोल मुळं सोडतो. त्यासाठी मी पॅथॉलॉजीत जाऊन बसायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पोस्टिंगही नव्हतं. तिथल्या मॅडमनी काचपट्ट्या दाखवता दाखवता एक गोष्ट डोळ्यांसमोर उलगडली: नेहमीच्या पद्धतीत तुकड्याचे उभे काप घेतात, तेव्हा प्रत्यक्षात एकूण कडेचा एक टक्काही तपासला जात नाही. ‘कडा मोकळ्या’ असा रिपोर्ट आपण किती विश्वासाने वाचतो!

यावरचा इलाज अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोज यांनी १९३० च्या दशकात शोधायला सुरुवात केली, तेही विद्यार्थी असताना. ते झिंक क्लोराइडचा लेप लावून ऊतक जागच्या जागी स्थिर करत आणि मग थराथराने काढत. रुग्णाला वेदना होत, वेळ लागे. पुढे १९७० च्या दशकात ट्रोमोविच आणि स्टेगमन यांनी ताज्या, गोठवलेल्या तुकड्यांवर तेच करून दाखवलं आणि ‘मोज’ नावाने ही पद्धत रुळली.

ती प्रत्यक्ष पाहायला मी ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात निरीक्षक म्हणून गेले. रुग्णाला हात लावायची परवानगी नव्हती, पण पाहण्यासारखं इतकं होतं की त्याचं काही वाटलं नाही. भूल फक्त त्या जागेपुरती. सर्जन तिरक्या धारेने बशीच्या आकाराचा पातळ थर काढतो, कडांना वेगवेगळे रंग लावतो, चेहऱ्याचा नकाशा काढून त्यावर खुणा करतो. तुकडा असा दाबून गोठवतात की तळ आणि कडा एकाच पातळीत येतात. म्हणजे पूर्ण कड मायक्रोस्कोपखाली दिसते. तोवर रुग्ण नाकावर पट्टी लावून बाहेर चहा पीत बसलेला असतो. नकाशावर जिथे कॅन्सर उरला असेल, नेमकं तिथलंच पुन्हा काढायचं, बाकीच्याला धक्का नाही. कापणारा आणि काच वाचणारा माणूस एकच असतो. मला सगळ्यात भावलं ते हे.

मात्र बांधणीचा विषय निघाला की तिथल्या पुस्तकांतून मी थेट पुण्यात येऊन पोचायचे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेला कावसजी, इंग्रजांच्या फौजेतला मराठा गाडीवान. १७९३ च्या सुमारास पुण्यात एका कारागीर वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. ती हकीकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये १७९४ साली चित्रासह छापून आली, ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्या वैद्याचं नाव मात्र कुणीच नीट लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आज जगभर कॅन्सरमध्ये गेलेलं नाक बांधताना आम्ही कपाळाचाच फ्लॅप वापरतो. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर येणाऱ्या रक्तवाहिनीवर तो जगतो. साधारण तीन आठवडे तो भुवईपासून नाकापर्यंत सोंडेसारखा लोंबता राहतो, मग देठ कापायचा. हे तीन आठवडे रुग्णाला सगळ्यात जड जातात. म्हणून मी आधीच फोटो दाखवते, घरच्यांनाही बोलावून दाखवते. नातवंडं घाबरतील का, हा प्रश्न प्रत्येक आजी विचारतेच.

इकडे परतल्यावर प्रत्येक ठिकाणी मोजची सोय मिळणार नव्हती. फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासायची सोय, असेल तिथे ते करते. नसेल तिथे दोन टप्पे: आज रोग काढायचा, कडा खुणा करून पॅथॉलॉजीला द्यायच्या, जखम पट्टीखाली उघडी ठेवायची आणि रिपोर्ट मोकळा आल्यावरच बांधायचं. नातेवाईक चिडतात, ‘एकदाच काय ते करून टाका ना’ म्हणतात. मी ऐकत नाही. आजींचंही असंच केलं होतं, दुसऱ्या वेळी एका बाजूची कड आणखी काढावी लागली होती.

विचारायला येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की कुठल्याही वाटेने या, पण पॅथॉलॉजीत बसा. पापणीवरची रांजणवाडी एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल तर तिचा तुकडा तपासायला पाठवाच. आपल्याकडे पापणीच्या तेलग्रंथींचा कॅन्सर तसाच फसवतो. कानशिलावर चाकू लावण्याआधी भुवई उचलणाऱ्या नसेचा मार्ग पेनाने आखून घ्या, ती तिथे कातडीच्या अगदी जवळ असते. आणि ओपीडीत आलेल्या प्रत्येक वयस्क माणसाचा चष्मा काढून नाकाची मुळं बघा, मग तो गुडघ्यासाठी आलेला असला तरी.